तीन फाऊल, तीन निवाडे

"पाडले तिघांनी, मग शिक्षा तीन तऱ्हेच्या कशा?" कोंडगडच्या महाराजांनी आसनाच्या हातावर मूठ आपटली.

समोर रेफ्री येसबा मान खाली घालून उभा होता. कालच्या फुटबॉल सामन्यात तीन गड्यांनी समोरच्याला पाडलं. येसबानं पहिल्याच्या विरुद्ध नुसती फ्री किक दिली. दुसऱ्याला वर ताकीदही दिली. तिसऱ्याला मात्र थेट मैदानाबाहेर काढलं. आणि तो तिसरा निघाला सर्जेराव, महाराजांचा लाडका मेहुणा!

"याच्या मनात वाईट होतं, हे तुला कसं कळलं? उद्या मला माणसाचं मन बघून दाखव. नाहीतर शिट्टी खाली ठेव आणि गाव सोड!"

येसबाची लेक हौसा दरबारात ताक वाढायच्या कामाला होती. घरी बापाचा उतरलेला चेहरा पाहून तिनं सगळी हकिगत विचारून घेतली.

"आबा, उद्या तुम्ही गप्प उभे राहा. काय बोलायचं ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. हौसानं महाराजांपुढे पेला धरला आणि तिचा हात हलला. चार थेंब गालिच्यावर!

"असू दे, पुसून घे," महाराज म्हणाले.

थोड्या वेळानं ती काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन, इकडेतिकडे न बघता, सरदारांच्या रांगेतून धावत सुटली. कुणाचा अंगरखा भिजला, कुणाची पगडी!

"अगं, डोळे आहेत की नाही? पुन्हा असं केलंस तर बघ!"

मग हौसानं ताकाची पितळी घागर उचलली आणि सगळा जोर लावून भिरकावली! घागर सर्जेरावांच्या कानाजवळून गेली आणि खांबावर आपटून चेपली.

"बाहेर काढा हिला!" महाराज ओरडले.

शिपाई धावले. हौसा जागची हलली नाही.

"महाराज, तिन्ही वेळा ताकच सांडलं. मग शिक्षा तीन तऱ्हेच्या कशा?"

"म्हणजे काय? आधी तुझा हात चुकला. मग तू कुणाची पर्वा केली नाहीस. आणि आता तर याचा कपाळमोक्षच झाला असता!"

"माझ्या मनात काय होतं, ते पाहिलंत?"

"मन कशाला पाहायचं? डोळ्यांना दिसत होतं की!"

"माझ्या आबांनाही मैदानात तेवढंच दिसलं, महाराज!"

सर्जेराव ताडकन उठले. "पण दाजी, माझ्या मनात तसं..."

"खाली बसा!" महाराजांना हसू आवरेना. "रेफ्रीशी हुज्जत घातली की ताकीद मिळते म्हणे!"

मग ते पोट धरधरून हसले. येसबाला त्यांनी चांदीची शिट्टी दिली, हौसाला भरजरी लुगडं दिलं, आणि पुढच्या सामन्यात बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन उभं राहायचा मानही तिलाच दिला!