घाण्याचा बैल का थांबला

ही गोष्ट फार जुन्या काळची. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यातल्या एका गावात तेलाचा घाणा होता. घाण्यावर एक मालक, तीन गडी आणि चांद्या नावाचा एक बैल.

मालक चांगला माणूस होता, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते, ही तशी नाही. रोज सकाळी घाणा जुंपायच्या आधी तो चांद्याच्या खांद्यावरून हात फिरवायचा, चारी खूर उचलून बघायचा, पाणी नीट पितो का ते उभं राहून बघायचा. खांद्यावरचे चार केस घासलेले दिसले तरी त्या दिवशी घाणा बंद. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मुकं जनावर आहे, आपणच बघायला नको का? माणसाला देवानं तोंड दिलंय. त्याचं तो सांगेल."

तीन गड्यांत कोंडाजी वयानं मोठा, लखू थट्टेखोर आणि भिवा अंगानं दांडगा. तिळाचं पोतं उचलायला इतरांना दोघं लागत. भिवा एकटा ते पाठीवर घेऊन पायऱ्या चढायचा. मग लाटेवर बसून बैल हाकायचा. लाट म्हणजे बैलामागून घाण्याभोवती फिरणारं आडवं लाकूड.

या तिघांची एक रीत होती. कुणी 'दुखतंय' म्हणालं, की बाकीचे कोपऱ्यातला लाकडी पाट आणून त्याच्यापुढे मांडायचे आणि हात जोडून म्हणायचे, "बसा जावईबापू." मालकही हसायचा. कोंडाजीला एकदा ताप आला होता, तर पुढे महिनाभर त्याला त्याच नावानं हाक मारत होते. कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. पण तेव्हापासून त्या घाण्यावर कुणाला कधी काही दुखलं नाही.

श्रावणात भिवाच्या छातीत कळ येऊ लागली. आधी पायऱ्या चढताना, मग सपाटीवर चालतानाही. त्याच्या बायकोच्या ते ध्यानात आलं.

"आज कामावर जाऊ नका," ती म्हणाली. "वैद्यबुवांकडं जाऊन या."

"मला काय धाड भरलीय?" भिवा म्हणाला. "पोळ्याचं तेल गाळायचंय. पोळा झाला की जाईन."

भिवाला मरणाची भीती वाटत नव्हती, कारण मरण त्याला खरं वाटतच नव्हतं. पाट मात्र रोज डोळ्यांसमोर कोपऱ्यात उभा होता. एकदा मालकानं जाता जाता विचारलंही, "काय भिवा, बरं आहे ना?" भिवा 'व्हय मालक' म्हणेपर्यंत मालक दाराबाहेर गेलेला होता.

त्याच महिन्यात चांद्याची चाल मंदावली. मधेच तो हळू व्हायचा, मधेच थांबायचा, मग आपला आपण पुन्हा चालू लागायचा. मालकाच्या जिवाला घोर लागला. त्यानं चांद्याची पेंड वाढवली, खांद्याला तूप चोळलं. तरी फरक पडेना.

पोळ्याचा आदला दिवस उजाडला. संध्याकाळी बैलाची खांदेमळणी करायची, हळद-तुपानं त्याचे खांदे मळायचे, म्हणून घाणा दुपारपर्यंतच चालणार होता. गावाला सणाचं तेल हवं होतं. भिवानं सकाळपासून अकरा पोती वर नेली आणि तो लाटेवर येऊन बसला. तिसऱ्या फेऱ्याला चांद्या थांबला. हाकलं तरी हलेना.

मालक धावत आला. त्यानं चांद्याचे खूर बघितले, दात बघितले, पोटाला कान लावला. भिवा लाटेवरच बसून होता, मान खाली, एक हात बंडीच्या आत. त्याला घामाच्या धारा लागल्या होत्या.

"जावईबापू, पाट आणू का?" लखू हसत म्हणाला.

"मला काही नाही," भिवा म्हणाला. "बैलाचं बघा आधी."

मग सगळ्यांनी बैलाचं बघितलं. लखू पळत जाऊन वैद्यबुवांना घेऊन आला. माणसं आणि जनावरं, दोघांनाही औषध देणारे गावात ते एकटेच होते. त्यांनी चांद्याला नाकापासून शेपटीपर्यंत तपासलं.

"याला काही झालेलं नाही," वैद्यबुवा म्हणाले. "हा थांबलाय कशापायी?"

असं म्हणत ते मागे वळले आणि त्यांनी भिवाच्या नाकापुढे हात धरला. मग तो हात त्यांनी खाली घेतला.

"आल्या आल्या आधी याला बघितलं असतं तर?" मालकानं विचारलं. वैद्यबुवांनी खांद्यावरचं उपरणं काढून भिवाच्या अंगावर घातलं.

संध्याकाळी, भिवाला पोचवून आल्यावर, मालक हळद-तुपाची वाटी घेऊन गोठ्यात गेला. रीत चुकवायची नव्हती. चांद्याच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आणि त्याला रडू कोसळलं.

तेव्हा चांद्या बोलला. "मालक, माझ्या डोळ्यांवर झापडं असतात, पण कान उघडे असतात. महिनाभर तो माझ्यामागं धापा टाकत होता. त्याला दम लागला की मी चाल हळू करायचो. तुम्ही माझी पेंड वाढवलीत. आज मी त्याच्यासाठी थांबलो. तुम्ही माझे खूर उचललेत."

"पण तो बोलला का नाही?" मालक म्हणाला. "त्याला तर तोंड होतं."

"बोलला असता तर तुम्ही पाट मांडला असता."

मालकानं हातातली वाटी खाली ठेवली. त्यानं विचारलं, "मग मी काय करायला हवं होतं?"

"माझं रोज करता तेच," चांद्या म्हणाला, आणि त्यानंतर तो जन्मात कधी बोलला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गडी कामावर आले, तेव्हा मालकानं दारातच तो पाट मांडला होता. त्यानं कोंडाजीला हाताला धरून बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसला.

"कसं आहे, कोंडाजी?"

"बरं आहे की."

मालक उठला नाही. उन्हं पायरीवर आली तरी तो तसाच बसून होता. शेवटी कोंडाजी खाली बघत म्हणाला, "दोन महिने झाले, अन्न पोटात ठरत नाही." त्या दिवशी घाणा जुंपला गेला नाही. मालक कोंडाजीला घेऊन वैद्यबुवांकडे गेला, आणि पुढे कोंडाजी बरीच वर्षं जगला.

दुसऱ्या सकाळी लखूची पाळी आली. तो पाटाजवळ आला, पण बसला नाही. "मला झोप लागत नाही," तो म्हणाला. "तो जात होता आणि मी त्याला हसत होतो." आणि एवढा बाप्या माणूस दाराला टेकून रडला. त्याला कुणी हसलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी आधी पाट आणि मग घाणा, अशी तिथली रीत झाली. भिवाची बायको तेल न्यायला यायची तेव्हा त्या पाटाकडे बघायची, आणि त्याला वळसा घालून आत जायची.

तात्पर्य: तोंड असलेला माणूस आपलं दुखणं सांगेलच असं नसतं, त्याला आपण होऊन विचारावं लागतं आणि खरं उत्तर येईपर्यंत त्याच्यापाशी थांबावं लागतं.