मागच्या चाकाची कुरकुर

"पार्ट नवे, बोल्ट पक्के. मग मागून कुरकुर येतेच कशी, उस्ताद?"

संग्राम खराडेने विचारलं खरं, पण विचारतानाही त्याची मान ताठच होती. दस्तगीर उस्तादांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला आणि गाडीकडे पाहिलं.

मिरजेत स्टेशनच्या मागे उस्तादांचं गॅरेज. वर पत्रे, आणि मधोमध जमिनीत खणलेला लांबट खड्डा. त्यावर गाडी उभी करायची, आपण खाली उतरायचं आणि हात वर करून काम करायचं. संग्रामने तिथे दोन वर्षं काढली. मग, खड्ड्यात जन्म घालवायला आपण काय बेडूक आहोत, असं म्हणून त्याने बायपासला स्वतःचं गॅरेज टाकलं. तिथे बटण दाबलं की दोन खांबांमध्ये गाडी डोक्याच्या वर जाते आणि चारी चाकं हवेत लोंबतात. शर्टाला डाग पडत नाही. हात चलाख होता, नावही झालं, आणि ते उस्तादांच्या कानावर आलं होतं.

आज तोच लिफ्टवाला खड्ड्यापाशी आला होता, तो गायनाच्या कागवाडे मास्तरांमुळे.

मास्तर तंबोरे आणि चार शिष्य घेऊन गावोगाव जात. गाडी मागून दबते म्हणून संग्रामने तिला बाहेरून मागवलेल्या जादा ताकदीच्या स्प्रिंगा घातल्या, मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलले, आणि चाकाचा आर्म जिथे गाडीला जोडतात तिथले रबरी बुशही नवे टाकले. दुसऱ्याच दिवशी मास्तर दारात हजर. गतिरोधक आला की मागून कर्र... आणि मास्तरांचा कान म्हणजे मास्तरांचा कान. उद्या सकाळपर्यंत ही सुरात आली नाही तर माझं जुनं सामान परत चढवा, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं.

आपण काढलेलं जुनं सामान आपल्याच हाताने चढवायचं, म्हणजे गावभर शोभा. संग्राम मनातून घाबरला होता. पण तसं कबूल करील तर तो संग्राम कसला? त्याने काय काय केलं ते उस्तादांना ऐकवलं. शॉकॲब्सॉर्बर दुसरे लावून पाहिले. स्प्रिंगा काढून पुन्हा बसवल्या. बुशांचे बोल्ट आवळले, पुन्हा आवळले, लांब दांडा लावून आणखी आवळले...

"मग आवाज?"

"वाढला."

उस्तादांनी गाडी खड्ड्यावर घ्यायला लावली. भिंतीवरचा पाना काढून त्याच्या हातात दिला.

"उतर."

पांढऱ्या शर्टाकडे एकदा बघून संग्राम खाली उतरला.

"बुशांचे बोल्ट सैल कर."

म्हाताऱ्याचं आता वय झालं, असं संग्रामला वाटून गेलं. खडखडणारी वस्तू आवळायची असते, हे शाळेतलं पोरही सांगेल.

"आवळू म्हणता ना?"

"सैल..."

त्याने पाना लावला आणि जोर केला. बोल्ट सुटला तसा आतल्या रबराने एकदा गपकन अंग सोडलं, आणि गाडीची मागची बाजू बोटभर खाली आली. संग्रामने घाबरून मान खाली घेतली. मग दुसरीकडचा सोडला. तिथेही तेच.

वर उस्तादांनी डिकीवर दोन्ही हात टेकून गाडी दोन-चारदा दाबली. ती हलली, डुलली आणि थांबली.

"आता आवळ."

"किती?"

"तुझ्याकडं जितकं आवळतोस तितकंच."

बाहेर काढून संग्रामने गाडी शाळेसमोरच्या गतिरोधकावरून नेली. काच खाली, पंखा बंद. एकदा गेला, वळवून पुन्हा गेला, तिसऱ्यांदा मुद्दाम जोरात गेला. मागून काही म्हणजे काही आलं नाही.

परतीच्या वाटेवर त्याला उमगलं. लिफ्टवर चाकं लोंबत असताना त्याने बोल्ट आवळले होते. रबर त्याच लोंबत्या अवस्थेत जखडलं गेलं. गाडी जमिनीवर आली की चाकं वर सरकत आणि रबराला पीळ पडे. तो जितकं आवळत गेला तितकं ते कण्हत गेलं. रबर आवळायचं ते अंगावर भार असतानाच. खड्ड्यावर गाडी स्वतःचा भार घेऊन चाकांवर उभी असते, त्यामुळे इथे दोन वर्षांत ही चूक करायची त्याला संधीच मिळाली नव्हती. आपण बेडूक म्हणालो होतो, हे आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

आणि मागोमाग रागही आला. गाडी लावून तो बाकापाशी उभा राहिला. मान ताठ नव्हती, पण आवाज चढलेला होता.

"दोन वर्षं तुमच्या हाताखाली होतो, उस्ताद. हे एकदा तरी सांगायचं की."

उस्तादांनी ग्लासातला गार चहा ओतून टाकला.

"तवा तुझ्यावर भार कुठं होता?"