मी रागावलोच नाही

फार पूर्वी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे एक गाव होतं. गावातले सगळे लोक प्रभू येशूला मानणारे. पुरुष होड्या घेऊन मासेमारीला जात, बायका मासे सुकवत, आणि टेकाडावरच्या लहानशा चर्चची घंटा सकाळ-संध्याकाळ साऱ्या गावाला ऐकू येई.

त्या गावात एक चांगली रीत होती. दोन माणसांचं बिनसलं, तर दिवस मावळायच्या आत दुखावलेल्या माणसानं समोरच्याच्या दारात जायचं. आधी सांगायचं, "मला तुझा राग आलाय, आणि तो या या गोष्टीचा आलाय." समोरच्यानं ते निमूटपणे ऐकून घ्यायचं. मग दोघांनी हातात हात घ्यायचे आणि "प्रभू तुझं भलं करो" असं एकमेकांना म्हणायचं.

पण झालं काय, की राग आलाय हे तोंडानं कबूल करणं माणसाला फार जड जातं. भल्या म्हणवणाऱ्या माणसाला तर जास्तच. हळूहळू लोक रीतीचा पहिला भाग गाळायला लागले. दारात जायचं, हात धरायचा, भलं चिंतायचं आणि घरी येऊन जेवायला बसायचं. रीत पाळल्यासारखी दिसायची आणि कुणाला लाजही वाटायची नाही.

या गावात होड्या बांधणारे दोन भाऊ राहत होते. थोरला शांत आणि देवभीरू. उपासनेला तो सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. त्याचा चढलेला आवाज गावात कुणी ऐकला नव्हता. आया आपल्या पोरांना सांगत, "राग कसा गिळावा ते त्यांच्याकडून शिका." गिळलेली गोष्ट पोटात जाऊन बसते, नाहीशी होत नाही, हे त्या आयांना कोण सांगणार? धाकटा होता उतावळा आणि बडबड्या. चटकन तापायचा, चटकन रडायचा, आणि थोरल्यावर त्याचा भारी जीव.

होडी बांधणं हे एकट्याचं काम नव्हे. फळीला खिळा ठोकताना एक जण बाहेरून हातोडा मारतो आणि दुसरा आत बसून जड लोखंड धरतो, म्हणजे खिळ्याचं टोक त्यावर आपटून वळतं आणि फळी घट्ट बसते. आतल्याला बाहेरचं दिसत नाही, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. म्हणून ते सतत एकमेकांशी बोलत. थोरला बाहेरून विचारायचा, "आहेस?" धाकटा आतून ओरडायचा, "आहे, हाण!" किनाऱ्यावरून जाणाऱ्यांना दिवसभर हेच ऐकू यायचं.

त्यांच्या बापानं मरताना थोरल्यासाठी सागाचा एक ओंडका ठेवला होता. "सगळ्यांच्या होड्या बांधतोस, यातून एक तुझी स्वतःची बांध," असं तो म्हणाला होता. थोरला रोज सकाळी कामाला लागण्याआधी त्या ओंडक्यावरून हात फिरवायचा. अजून थोडा वाळू दे, अजून थोडा मुरू दे, असं म्हणत त्यानं तो जपून ठेवला होता.

एकदा थोरला लग्नासाठी दुसऱ्या गावी गेला. इकडे वादळ आलं आणि एका विधवेची होडी खडकावर आपटून फुटली. तिच्या घरात दुसरं कमावण्याचं साधन नव्हतं. धाकट्याला ते बघवलं नाही. हाताशी दुसरं लाकूड नव्हतं, म्हणून त्यानं तो ओंडका चिरला आणि तिची होडी दुरुस्त करून दिली.

थोरला परत आला तेव्हा ओंडक्याच्या जागी भुसा पडला होता.

"दादा, चुकलं माझं," धाकटा म्हणाला. "तू इथं नव्हतास, विचारणार कुणाला? तिची पोरं उपाशी होती रे. तू मला काय बोलायचं ते बोल."

थोरल्याच्या पोटात आग पेटली. बापाची आठवण होती ती, आणि त्याला न विचारता ती चिरली गेली होती. राग येण्यासारखीच गोष्ट होती, देवानंसुद्धा त्याला दोष दिला नसता. त्यानं त्या वेळी तोंड सोडलं असतं, तर धाकटाही उलट बोलला असता, दोघं भांडले असते, मग दोघं रडले असते आणि संध्याकाळी एका ताटात जेवले असते. पण गावातला सगळ्यांत शांत माणूस तो! तो हसला आणि म्हणाला, "मी रागावलोच नाही. पुण्याचं काम केलंस."

त्याच संध्याकाळी तो रीतीप्रमाणे धाकट्याच्या दारात गेला, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "प्रभू तुझं भलं करो." धाकट्याची बायको दारात उभी राहून हे बघत होती. तिला वाटलं, असा दीर नशीब असेल तरच मिळतो.

दुसऱ्या दिवसापासून थोरल्यानं "आहेस?" असं विचारणं बंद केलं. तो बाहेरून फळीवर नुसता हातोडा टेकवायचा आणि मारायला लागायचा. आत लोखंड धरून बसलेला धाकटा अंदाजानं हात सांभाळायचा.

"दादा, माझं काही चुकतंय का?" तो विचारायचा.

"नाही."

"मग बोलत का नाहीस?"

"बोलतोय की."

असं बोलणं आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर केलेलंही असतं. शिव्या परवडल्या, पण हे नको वाटतं. शिवीला उत्तर देता येतं, याला काय उत्तर देणार?

पाद्रीबाबांच्याही कानावर गोष्ट गेली. त्यांनी थोरल्याला विचारलं, "भावाबद्दल मनात काही नाही ना?"

"मी सगळं प्रभूवर सोडलंय, बाबा," थोरला म्हणाला. पाद्रीबाबा भाबडे होते, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते समाधानानं निघून गेले.

शेवटी धाकट्याला सहन होईना. एका सकाळी किनाऱ्यावर त्यानं थोरल्याचे पाय धरले. "दादा, दोन थोबाडीत मार, पण असा वागू नकोस. माझा जीव गुदमरतो. मला माफ कर."

थोरल्यानं पाय सोडवून घेतले. "माफ करायला मी रागावलोय कुठे?" तो म्हणाला, आणि हत्यारं घेऊन कामाला लागला.

बिचारा धाकटा! दार बंद असतं तर त्यानं ते ठोठावलं असतं. इथे दार उघडंच आहे असं घरमालक सांगत होता आणि आत मात्र जाता येत नव्हतं. तरीही त्यानं आशा सोडली नाही. तो जंगलात गेला, हिंडून मिळेल ते लाकूड जमवून घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, बापाच्या सागासारखं नाहीये हे. पण यातून मी तुझ्यासाठी होडी बांधणार. तुझी स्वतःची. तू फक्त बाहेरून खिळे मार."

थोरला नाही म्हणाला नाही. नाही म्हटलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं.

होडी तयार होत गेली. खालच्या अंगाची, पाण्यात बुडणारी फळी बसवताना धाकट्यानं आतून विचारलं, "दादा, करकरल्यासारखं वाटलं. फळी चिरली की काय? बाहेरून बघ जरा."

थोरल्यानं बघितलं. खिळ्यापासून केसाएवढी बारीक चीर निघाली होती. फळी बदलायला एक सकाळ पुरली असती. पण त्याच्या मनात आलं, हलकं लाकूड चिरणारच, बापाचा साग चिरला नसता. आपला भाऊ बुडावा असं त्याच्या मनात नव्हतं. ते त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. त्याला फक्त उत्तर द्यायचं नव्हतं. सांगू उद्या, असं म्हणत त्यानं चिरेवरून राळ आणि तेल फिरवलं. आत धाकटा उत्तराची वाट बघत बसला, आणि मग दादा काही बोलत नाही म्हणजे सगळं ठीक असेल असं समजून त्यानं पुढच्या खिळ्यासाठी लोखंड उचललं. त्यानंतर किती 'उद्या' आले आणि गेले, थोरल्याच्या तोंडून शब्द निघाला नाही.

होडी पाण्यात घालायचा दिवस आला. सारं गाव किनाऱ्यावर जमलं. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली. बांधणाऱ्यानंच होडी पहिल्यांदा खाडीच्या तोंडापर्यंत न्यायची, अशी तिथली पद्धत होती. दोघा भावांनी मिळून जायचं होतं, पण भावाशेजारी बसायला नको म्हणून थोरला म्हणाला, "गुडघा दुखतोय, तू जा."

धाकटा होडीत चढला. वल्हं हातात घेऊन त्यानं मागं वळून बघितलं आणि सगळ्यांसमोर हाक मारली, "दादा, सगळं ठीक आहे ना? सोडू ना?"

थोरल्याला ती चीर आठवली. अगदी स्पष्ट आठवली. 'थांब, खालची फळी चिरलीय,' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण मग लोकांनी विचारलं असतं, "तुला माहीत होतं तर इतके दिवस बोलला का नाहीस?" मग सांगावं लागलं असतं की मी रागावलो होतो, आणि रागावलो नाही असं खोटं सांगत होतो. समोर पाद्रीबाबा उभे होते, शेजारी त्या आया आपल्या पोरांना घेऊन उभ्या होत्या. थोरल्यानं ओठ ओले केले, हसू आणलं आणि हात उंच करून म्हणाला,

"जा. प्रभू तुझं भलं करो!"

धाकट्याचा चेहरा फुलून गेला. दादा आपणहून, सगळ्या गावासमोर, हात उंच करून बोलला! दादाचं मन वळलं असं त्या वेड्याला वाटलं. आनंदाच्या भरात तो खाडीच्या तोंडापाशी थांबलाच नाही. दादाची होडी किती छान चालते हे सगळ्यांना दाखवायला तो तसाच पुढे, मोकळ्या समुद्रात शिरला.

तिथे वारा होता. एका लाटेनं होडी उचलली आणि आपटली. किनाऱ्यावरच्यांना ती एका अंगावर कललेली दिसली. धाकटा वाकून दोन्ही हातांनी पाणी बाहेर फेकत होता. मग तोही दिसेनासा झाला.

"धाकल्या!" थोरला पाण्यात धावत सुटला. "धाकल्या, परत फिर! फळी चिरलीय रे! मी बघितली होती!" त्याचा चढलेला आवाज गावानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पण वारा समुद्राकडून येत होता, शब्द धाकट्यापर्यंत पोचलेच नाहीत, आणि किनाऱ्यावरच्या आरडाओरड्यात ते गर्दीतही कुणाला नीट कळले नाहीत. कोळ्यांनी जिवाच्या आकांतानं होड्या हाकल्या. त्यांना एक वल्हं सापडलं. धाकटा सापडला नाही, नंतरही कधी सापडला नाही.

गाव थोरल्याच्या घरी सांत्वनाला आलं. "भावावर किती माया तुमची," बायका म्हणाल्या. "त्यानं तुमचा ओंडका चिरला, तरी कधी रागावला नाहीत." थोरला मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला वाटलं, यांनी दगड मारले असते तर बरं झालं असतं.

अखेर तो पाद्रीबाबांकडे गेला आणि त्यानं सारं सांगून टाकलं. पाद्रीबाबांचे डोळे भरून आले. "मी तुला विचारलं तेव्हा समजायला हवं होतं मला," ते म्हणाले. "अरे, राग येणं हे पाप नव्हतं. तो तू पांघरूण घालून ठेवलास, तिथं पाप शिरलं. आणि पांघरूण कशाचं, तर प्रभूच्या नावाचं! प्रभू पश्चात्ताप करणाऱ्याला लोटत नाही. पण आता त्याच्या बायकोकडे जा, आणि आज तरी अर्धवट बोलू नकोस."

दिवस कलला होता. थोरला धाकट्याच्या दारात गेला. धाकट्याची बायको उंबऱ्यावर बसली होती.

"मला त्याचा राग आला होता," तो म्हणाला. "ओंडक्याचा. पहिल्या दिवसापासून. आणि ती चीर मी बघितली होती."

ती म्हणाली, "रोज विचारायचे ते मला, 'दादा रागावलाय का गं?' आणि मी त्यांना समजवायची, 'नाही हो, भावोजी स्वतः सांगून गेलेत ना. देवमाणूस आहेत ते.' मी माझ्या तोंडानं सांगायची, भावोजी!"

ती उठली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारू लागली. तिनं त्याला नाही नाही ते बोलून घेतलं. शेजारीपाजारी धावत आले, पण तिनं कुणाची भीड धरली नाही. थोरला हलला नाही. दमून ती खाली बसली, तेव्हा त्यानं आपला हात पुढे केला.

"नाही," ती म्हणाली. "मला राग आलाय, आणि तो खरा आहे. आज तुमचा हात धरला तर मी खोटी ठरेन. मी प्रार्थना करीन, हा राग माझ्यातून जावा म्हणून. गेला तर बोलावीन तुम्हाला. नाही गेला, तर तेही सांगीन. आता जा."

थोरला गेला. पुढे बऱ्याच काळानं तिनं त्याला बोलावलंही, आणि त्याचा हात हातात घेऊन ती खूप रडली. देवानं तर त्याला क्षमा केली असेलच, प्रभूचं वचन खोटं नसतं. पण त्यामुळे थोरल्याला शांती मिळाली नाही. कारण आपल्याला क्षमा मिळेल की नाही, हे त्याचं दुःख नव्हतंच. त्याच्या भावानं पाय धरून त्याच्याकडे क्षमा मागितली होती. तेव्हा ती त्याच्यापाशी होती आणि त्यानं ती दिली नाही. आता ती द्यायला तो मरेपर्यंत तयार होता, आणि मागणारं कुणी उरलं नव्हतं.

तात्पर्य काढायचंच तर हे: आलेला राग दिवस असेपर्यंत प्रेमानं बोलून टाकावा. तो मान्य केला तरच क्षमा देता येते. जो 'मी रागावलोच नाही' म्हणून आशीर्वाद देत सुटतो, तो देवाचं नाव घेऊन भावाचा घात करतो.