उतरवलेली मिरवेल

एकदा एक गायिका आपल्या वृद्ध गुरूंच्या मसाल्याच्या बागेत आली. तिचे नाव हेमांगी. तार सप्तकातल्या झंझावाती तानांसाठी तिची ख्याती होती. पण एका मैफलीत, ऐन रंगात असताना, तिचा आवाज फाटला. कित्येक महिने मौन पाळल्यावर तो परतला खरा, मात्र वरच्या षड्जाशी पोचताच चिरकू लागला. ती गाणार होती तो महोत्सव तोंडावर आला होता आणि माघार घ्यायची नाही असा तिचा निर्धार होता.

"बुवा, काहीतरी तोड काढा," ती आल्याआल्या म्हणाली. "मला पुन्हा वर पोचायचंय."

गाणे थांबवल्यावर रघुवीरबुवांनी सह्याद्रीच्या पायथ्याशी ही बाग लावली होती. "आधी बाग तर बघ," ते म्हणाले. त्यांनी तिला दालचिनीची ओली साल चाखायला दिली, जायफळावरची लालभडक जायपत्री सोलून दाखवली. वेलदोडे शोधायला हेमांगी वर पानांत बघत होती. ते बुंध्याशी, मातीलगत लागतात हे पाहून तिला नवल वाटले. तरी चित्त थाऱ्यावर नव्हतेच.

पुढे सुपारीच्या एका झाडावर कोवळी मिरवेल सरसर चढली होती. बुवांनी तिचे बंध सोडले आणि तिला अलगद खाली उतरवले. बुंध्याभोवती चर खणून वेल त्यात गोल फिरवली, केवळ शेंडा बाहेर ठेवला आणि वर माती ओढली.

"अहो बुवा, हे काय! एवढी वाढलेली वेल पुरलीत? आता तिला पहिल्यापासून चढावं लागणार!"

"चढेल की," बुवा हात झटकत म्हणाले. "लावल्यापासून ती नुसती वर धावली. उंच झाली, पण सगळा भार बुडाशी असलेल्या थोड्या मुळांवर. मिरी धरणारी एकही आडवी फांदी तिला फुटली नाही. आता तिची जेवढी पेरं मातीत गेली, तेवढ्या जागी मुळं धरतील. मग ती चढेल ती फळायलाच. ही शिक्षा नव्हे, हेमांगी. वरचं पेलायला खाली जे लागतं, ते मी तिला देतोय."

हेमांगी ओल्या मातीकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "किती काळ लागेल?"

"वेलीला की तुला?"

हेमांगीने वाकून चरावरची माती तळव्याने दाबली.

"महोत्सवापर्यंत तर नाहीच," बुवा म्हणाले.

"लोक म्हणतील, संपली ही."

"म्हणतील."

हेमांगी बुवांच्या घराच्या ओटीवर गेली. तिने आयोजकांना फोन लावला, यंदा गाणार नाही एवढेच सांगितले आणि कारण न देता ठेवून दिला. मग तानपुरा जुळवून तिने खर्जातला षड्ज लावला. स्वर थरथरला. दुसऱ्यांदा लावला, तो मध्येच विरून गेला. बुवा शेजारी बसले होते. त्यांनी तो दुरुस्त केला नाही.

तिने पदर खोचला, पाठ ताठ केली आणि पुन्हा तोच स्वर लावला.