सुगरणीच्या नळीवर कर

मंडळी, फार पूर्वी तळ्याकाठच्या एका वडावर पाखरांचं मोठं शहर वसलं होतं. सापांपासून झाडाची राखण मुंगूस करायचं आणि त्याच्या पोटासाठी घरट्यांवर कर असे. जेवढं मोठं घरटं, तेवढे जास्त टोळ. मोजणी बगळेसाहेबांकडे होती. साहेब खाली उभे राहून, मान वर करून, बाहेरूनच माप घेत.

धनेशबाई ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून पिलांसह आत बसल्या होत्या. साहेबांनी लिहिलं, "दार नाही, म्हणजे घर नाही. कर माफ." शेजारी सुगरणीच्या खोप्याला हातभर नळी लोंबत होती. "ही गॅलरी. कर दुप्पट."

"अहो साहेब, ती गॅलरी नव्हे, वाट आहे! साप शिरू नये म्हणून आमच्या ह्यांनी विणलीय. आत तीन अंडी आहेत माझी."

"अर्ज करा. सुनावणी पावसाळ्यानंतर. तोवर भरा, नाहीतर खोपा उतरवू."

दुप्पट टोळ पकडत हिंडायचं, तर अंडी कोण उबवणार? सुगरणीनं नळीच कापून टाकली. साहेब खूश झाले. "बघा, लागली की नाही शिस्त!"

तिसऱ्या दिवशी भरदुपारी साप आला. मुंगूस बुंध्याशी करातले टोळ खाऊन घोरत होतं.

सुगरण रडत साहेबांकडे गेली. "साहेब, माझी अंडी गेली हो!"

साहेबांनी वही उघडली. "म्हणजे घर रिकामं? मग आधी नाही का सांगायचं, बाई! रिकाम्या घराला निम्मी सूट असते. अर्जावर फक्त त्या सापाची सही आणा."