चाळीस खाटांना एक बाई

"चाळीस खाटांना एकच बाई पुरे," असा हुकूम रणधवल राजाच्या पाच मंत्र्यांनी काढला. वर असंही लिहिलं, की रुग्णशाळेचा उंबरा जो कोणी ओलांडेल त्याला आधी वाटीभर एरंडेल पाजायचं आणि खाटेवर निजवायचं. बाईनं हात धरून उठवल्याशिवाय त्यानं उठायचं नाही. पाचांपैकी एकानंही रुग्णशाळा आतून पाहिली नव्हती. वास येतो म्हणे.

आत तेव्हा चार बाया राबत होत्या. त्यांतली ठकूबाई अठरा वर्षांची जुनी, हातानं खरखरीत आणि जिभेनंही. चौघींची एक झाली, तर पाठीला जखमा झालेल्या म्हाताऱ्यांची कूस कोण बदलणार? तापातल्या पोरीच्या तोंडात पेज कोण घालणार? ती हात पुसत तशीच दरबारात गेली आणि म्हणाली, रोग्यांचे नियम करताना रोगी उचलणाऱ्या बाईलाही विचारत जा, मंत्र्यांच्या मंडळात आम्हाला एक जागा द्या.

मंत्री पोट धरधरून हसले. राजा हट्टी, पण गमतीचा भुकेला. तो म्हणाला, "या पाचांचं आजवर एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही. भाकरी बाजरीची बरी की ज्वारीची, यावर दोन वर्षं भांडले. उद्या सूर्य मावळायच्या आत पाचांच्या तोंडून एकच मागणी मला ऐकव, जागा तुझी. नाही जमलं तर चाळीस खाटा आणि तू एकटी. जबरदस्ती करायची नाही, पाया पडायचं नाही."

"चालेल. फक्त उद्या त्यांना दिवसभर आमच्याकडे पाठवा, आणि हुकूम उद्यापासूनच लागू करा."

सकाळी पाचही जण नाकाशी अत्तराचे रुमाल धरून आले. उंबऱ्यावर ठकूबाई वाट्या घेऊन उभी. प्रधान भडकला, आम्ही काय रोगी आहोत? ठकूबाईनं त्याच्याच सहीचा कागद पुढे धरला.

"इथं रोगी कुठं लिहिलंय प्रधानजी? जो कोणी, असं आहे. हुकूम मोडायचा असेल तर तसं सांगा, मी महाराजांना कळवते."

प्रधानानं डोळे मिटून वाटी रिकामी केली. मागच्या चौघांनीही गुपचूप केली. पस्तीस खाटांवर रोगी होते, उरलेल्या पाचांवर मंत्री निजले. बाकीच्या तिघी बाया हुकमाप्रमाणे बाहेर चिंचेखाली जाऊन बसल्या.

दुपार कलली आणि पोटं बोलू लागली. प्रधान हाका मारमारून थकला. ठकूबाई एकेकाला कुशीवर वळवत, अंग पुसत, चादर ओढत पुढं सरकत होती.

"आले हं. तुमच्या आधी सव्वीस जण आहेत."

खजिनदार रडकुंडीला आला. दोन गड जिंकलेला सेनापती उशीत तोंड खुपसून देवाची नावं घेऊ लागला.

चाळीस खाटांना निदान पाच बाया हव्यात, हा हिशोब एव्हाना पाचांनी निजल्या निजल्या केला होता. तिसऱ्या प्रहरी राजा आला आणि उंबऱ्याबाहेरच थबकला. आतून पाच गळे एकदम ओरडले, "महाराज, आठ खाटांना एक बाई द्या! आत्ताच्या आत्ता!"

राजानं मान डोलावताच चिंचेखालच्या तिघी पदर खोचून आत धावल्या. राजानं हसू दाबलं. "पण ठके, ही जबरदस्तीच झाली की."

"जबरदस्ती कसली? हुकूम यांचा, शिक्का तुमचा. मी नुसता पाळला. आम्ही रोज पाळतो, म्हणून तो कुठं लागतो ते आम्हालाच ठाऊक. पण आत या ना महाराज, असे दारात का?"

राजानं तिच्या हातातली वाटी पाहिली आणि दोन पावलं मागं सरला. मग असा हसला, की चिंचेवरचे कावळे उडाले. एरंडेलाचा हुकूम त्यानं तिथंच फाडला, रुग्णशाळेला पाचवी बाई दिली आणि ठकूबाईला मंडळातली जागा. "उद्या पहिल्या प्रहरी मंडळात हजर हो," तो म्हणाला.

"पहिल्या प्रहरी आमची अंथरुणं बदलायची असतात," ठकूबाई म्हणाली. "मंडळ दुसऱ्या प्रहरी भरवा."

राजा पुन्हा हसत सुटला. आणि दुसऱ्या दिवशी मंडळ दुसऱ्या प्रहरी भरलं.