भिवाने न वाजवलेली घंटा

“…आणि हे सोंग नाही कशावरून?”

मृदुलाने विचारलं आणि कपाळावरचा घाम टिपला. टेकडी चढून आली होती. मठाच्या ओसरीवर तिची बॅग होती. इथून ती परस्पर माहेरी जाणार होती. परत यायचं की नाही, ते अजून ठरायचं होतं.

दयार्णव महाराज भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. दाणे ताटात, टरफलं टोपलीत.

“कोणाचं सोंग?”

“ह्यांचं. लग्नाला पाच महिने झाले. माझ्या आईला स्टँडवर तीन तास बसवून ठेवलं. आणायला जायचंच विसरले. आता डॉक्टर म्हणतात, एडीएचडी. लहानपणापासून लक्ष ठिकाणावर राहत नाही म्हणे. कळलं मात्र बत्तिसाव्या वर्षी, लग्न उरकल्यावर. गोळ्याही चालू केल्यात.”

“मग?”

“मग जुना रेडिओ उघडून बसले की चार-चार तास मान वर होत नाही. तेव्हा बरं लक्ष राहतं? विसरायला नेमकी बायकोची माणसं सापडतात.”

अंगणात घंटा वाजली. महाराज काहीतरी म्हणणार होते, ते तोंडातच ठेवून आत गेले. चुलीवर नैवेद्याचा भात होता. लाकूड जरा मागे ओढलं आणि परत आले. म्हातारा भिवा दोर सोडून पायरीवर टेकला. मठात ही घंटा दर पंधरा मिनिटांनी व्हायची. येणारे-जाणारे तिला हात जोडत.

“बघा,” मृदुला म्हणाली, “चित्त म्हणतात ते हे. तीस वर्षांत तुमचा नैवेद्य चुकला नाही, गाव सांगतो. तुम्हाला विसराळू माणूस काय कळणार?”

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं…

“भिवा, पुढची घंटा नको.”

भिवा चपापला. “म्हाराज, भात हाय चुलीवर.”

“असू दे.” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “रेडिओ कसला म्हणालीस? व्हॉल्व्हचा?”

हो म्हणायची खोटी. महाराज सुरू झाले. काच तापायला किती वेळ लागतो, खरखर कुठून येते, त्यांच्या वडिलांनी कुठला खटका बिघडवला होता. बोलता बोलता दाणे टोपलीत पडू लागले आणि टरफलं ताटात.

वास आधी मृदुलाला आला.

“महाराज, भात.”

“हां… तर ती तार जी असते ना—”

“भात करपतोय.”

महाराज एकाच पायात खडाव घालून आत धावले. परतले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

मृदुलाने डोळे बारीक केले. “मुद्दाम केलंत.”

“घंटा मुद्दाम थांबवली. भात नाही.”

तिने भिवाकडे पाहिलं. तोही सामील असणार.

“घंटा नव्हती तवा रोजच करपायचा, बाई,” भिवा पुटपुटला. “मग म्हाराजांनीच टांगली. मला म्हणाले, तू फक्त वाजव.”

महाराजांनी मृदुलाला विचारलं, “तुझ्या नवऱ्याने काय टांगलंय घरात?”

मृदुलाने बॅग जवळ ओढली.

“…चिठ्ठ्या,” ती शेवटी म्हणाली. “दारावर, आरशावर, फ्रिजवर. पिवळ्याधमक. सासरची माणसं पूजेला यायची होती. घर कसं दिसतं ते. मी सगळ्या काढून टाकल्या.”

“वाचल्यास?”

“नाही.”

“आणि आई कधी आली?”

“…दुसऱ्या दिवशी.”

भिवाने उगाच आपल्या पायांकडे पाहिलं.

“तरी मला पुरतं खरं वाटत नाही,” ती म्हणाली. आवाज मात्र खाली आला होता. “आणि असलं खरं, तरी आता काय? व्हायचं ते होऊन गेलं.”

महाराजांनी आतून भाताचं पातेलं आणलं. दोघांच्या मध्ये ठेवलं. झाकण काढून भातावर तुळशीचं पान ठेवलं, हात जोडले.

“खालचा गेला,” ते म्हणाले. “वरचा चांगला आहे. वाढू?”